काढायचं तर काढा, पण कुणाच्या सांगण्यावरून ते सांगा

प्रति,
जगभरातल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांचे प्रमुख आणि त्यांच्या धोरण विभागांतले अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

‘हा मजकूर उपलब्ध नाही.’ तुमच्या पडद्यावर दिसणाऱ्या या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. कधी तिच्या जागी करडा चौकोन असतो, कधी ‘आमच्या नियमांचं उल्लंघन झालं आहे’ एवढंच वाक्य असतं. कोणता नियम, कोणत्या वाक्यामुळे मोडला, तक्रार कुणाची, निर्णय माणसाने घेतला की यंत्राने, यातलं काहीच त्यात नसतं. कोर्टाच्या आदेशावरून मजकूर गेला तरी हीच ओळ, मंत्रालयातून ईमेल आला म्हणून गेला तरी हीच, यंत्राची गफलत झाली तरी हीच. लिहिणाऱ्याने स्वतःहून पोस्ट पुसली तरी वाचणाऱ्याला जवळपास हेच दिसतं.

काहीच काढू नका, असं माझं म्हणणं नाही हे आधीच सांगते. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं, लोकांचे पैसे लुबाडणारी खोटी खाती, एखाद्याचा पत्ता जाहीर करून त्याच्यावर जमाव सोडणं, हे तुमच्या जागेवरून गेलंच पाहिजे आणि आज जातं त्याहून लवकर गेलं पाहिजे. माझी तक्रार आहे ती गुपचूप काढण्याबद्दल. कारण कुणी काढायला लावलं हे लपलं, की दाद कुठे मागायची हेच कळेनासं होतं. कोर्टाने लावलं असेल तर वरच्या कोर्टात जाता येतं. सरकारी अधिकाऱ्याने लावलं असेल तर त्याला तो अधिकार होता का हे विचारता येतं, त्यावर लिहिता येतं, निवडणुकीत जाब मागता येतो. कुणी कॉपीराइटची खोटी तक्रार ठोकली असेल तर त्याला उलट उत्तर देता येतं. यंत्र चुकलं असेल तर माणसाकडून तपासून घेता येतं. या चारही वाटा वेगवेगळ्या आहेत आणि तुमची ती एक ओळ चारही एका फटक्यात बंद करते.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना सप्टेंबर २०१६ मधलं नॉर्वेचं प्रकरण आठवत असेल. टॉम एगेलँड या लेखकाने युद्धाकडे बघण्याची नजर बदलणाऱ्या छायाचित्रांवर फेसबुकवर लिहिलं. त्यात व्हिएतनाममधलं १९७२ सालचं ते छायाचित्र होतं: नापाम बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची मुलगी, अंगावर एकही कपडा नाही, रस्त्यावरून ओरडत पळते आहे. फेसबुकने ते काढलं आणि एगेलँड यांचं खातंही काही काळ बंद केलं. ‘आफ्टनपोस्टेन’ या दैनिकाने याची बातमी करून तेच छायाचित्र आपल्या फेसबुक पानावर टाकलं. कंपनीचा ईमेल आला, छायाचित्र काढा नाहीतर धूसर करा. संपादक एस्पेन एगिल हान्सेन उत्तर देणार, त्याआधीच, चोवीस तासही उलटायच्या आत, कंपनीने ते स्वतःच काढून टाकलं. मग हान्सेन यांनी मार्क झकरबर्ग यांना खुलं पत्र लिहिलं आणि पहिल्या पानावर छापलं. पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी छायाचित्र आपल्या पानावर टाकलं, तर त्यांचीही पोस्ट गेली. जगभर बोभाटा झाला आणि त्याच दिवशी कंपनीने निर्णय फिरवला.

कंपनीने चूक सुधारली, असं म्हणून हे प्रकरण सांगितलं जातं. मला त्यात वेगळंच दिसतं. युद्धातल्या अत्याचाराचा पुरावा आणि मुलांच्या शोषणाचं चित्र यांतला फरक तुमच्या कंपनीला पटवून द्यायला एका देशाचं मोठं दैनिक आणि त्या देशाच्या पंतप्रधान एकत्र याव्या लागल्या. ज्याच्या मागे वर्तमानपत्र नाही, पंतप्रधान नाही, पन्नास-शंभर लोकच ज्याचं वाचतात, त्याचं काय झालं असतं? त्याचं रोज जे होतं तेच. करडा चौकोन.

हे लहान माणसांच्या बाबतीत कसं होतं याचे नमुने उघड झालेले आहेत. मे २०२१ मध्ये जेरुसलेममध्ये अल-अक्सा मशिदीच्या आवारात पोलिसांची कारवाई चालू होती. तिथे हजर असलेले लोक समोर दिसेल ते इन्स्टाग्रामवर टाकत होते. नेमका त्याच नावाचा हॅशटॅग शोधात दिसेनासा झाला. कंपनीने नेमलेल्या सल्लागार संस्थेचा अहवाल सप्टेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा कारण कळलं. बाहेरच्या कंत्राटी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने अमेरिकेच्या अर्थखात्याच्या यादीतून काही शब्द उचलून बंदीच्या यादीत टाकले होते. त्या यादीत अल-अक्सा हे शब्द नावात असलेली एक सशस्त्र संघटना होती. झालं. कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेची जागा आणि एक संघटना हे यादीच्या लेखी एकच झाले. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती जिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं: अरबी भाषेतला द्वेषमूलक मजकूर पकडणारी यंत्रणा कंपनीकडे होती, हिब्रूसाठी तशी यंत्रणा तेव्हा नव्हती. म्हणजे एकाच भांडणातल्या एका बाजूच्या बोलण्यावर चाळण लावलेली आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान. हे कुणी बसून ठरवलं होतं असं मी म्हणत नाही. पण हॅशटॅग गायब झाला त्या दिवशी तिथल्या माणसाला काय वाटलं असेल? आपलं तोंड मुद्दाम दाबलं जातंय, असंच वाटणार. तुम्ही कारण सांगत नाही तेव्हा लोक स्वतःच कारण शोधतात, आणि त्यांना सापडतं ते बहुतेक वेळा सर्वांत वाईट असतं.

यंत्राच्या हाती सगळं सोपवल्यावर काय जातं, याचं सर्वांत दुखरं उदाहरण सिरियाचं आहे. २०१७ मध्ये यूट्यूबने अतिरेकी मजकूर आपोआप ओळखणारी यंत्रणा लावली आणि सिरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ गेले, कित्येक चॅनेलं पूर्ण बंद झाली. यात अतिरेक्यांचा प्रचार होता, तसे बॉम्बहल्ल्यानंतर ढिगाऱ्यात उभं राहून फोनवर केलेलं चित्रीकरणही होतं. यंत्राला दोन्हींत रक्त दिसलं. आता दुसरी बाजू बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातला सेनाधिकारी महमूद अल-वर्फल्ली याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. सात घटनांत ३३ जणांना ठार मारल्याचा आरोप होता आणि पुराव्यात समाजमाध्यमांवर आलेले व्हिडिओ होते. म्हणजे एकीकडे न्यायालय असे व्हिडिओ पुरावा म्हणून हातात घेत होतं, आणि दुसरीकडे तुमची यंत्रणा तसलाच पुरावा पुसत होती. ज्यांनी जिवावर उदार होऊन ते चित्रण केलं त्यांतले काही आज हयात नाहीत. त्यांच्या खात्यावरून अपील कोण करणार?

आता मजकुराहून पुढची गोष्ट. तुम्ही नुसत्या पोस्टी काढत नाही, माणसाचं सगळं खातं बंद करता, आणि खातं म्हणजे आज काय काय असतं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत ऑगस्ट २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. फेब्रुवारी २०२१, कोविडचे दिवस. त्याच्या लहानग्या मुलाच्या जननेंद्रियाला सूज आली होती. डॉक्टर व्हिडिओवरून तपासणार होते आणि आधी फोटो पाठवा असं नर्सने सांगितलं. फोटो काढले, पाठवले, औषध मिळालं, मूल बरं झालं. फोटो मात्र फोनमधून आपोआप गूगलच्या साठवणीत गेले आणि दोन दिवसांनी खातं बंद झालं. ईमेल गेली, वर्षानुवर्षांचे फोटो गेले, ओळखीपाळखीच्या लोकांचे नंबर गेले. फोनची सेवाही गूगलचीच होती, म्हणून फोन नंबरही गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि गुन्हा झालेलाच नाही असा निष्कर्ष काढला. तपास अधिकाऱ्याला हे त्या बापाला कळवायचं होतं, पण ना फोन लागत होता ना ईमेल जात होती. पोलिसांचा निर्दोष असल्याचा कागद हातात आल्यावरही कंपनीने खातं परत दिलं नाही.

मुलांचं शोषण रोखण्यासाठी चाळण हवीच, यात मला शंका नाही. पण कोणत्याही कायद्याच्या राज्यात पोलीस तपासून सोडतात तेव्हा माणूस सुटतो. तुमच्या राज्यात पोलिसांच्याही वर कुणीतरी बसलेलं आहे आणि त्याचं नाव, हुद्दा, दाराचा नंबर कुणालाच माहीत नाही. हे मला मान्य नाही. कुणालाच मान्य होऊ नये.

सरकारांच्या दबावाबद्दल बोलते. इथे तुम्ही कोंडीत सापडता हे मला कळतं. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातल्या निवडणुकीच्या मतदानाच्या पहिल्याच दिवशी अॅपल आणि गूगल या दोघांनीही विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचं मतदार-मार्गदर्शनाचं अॅप आपापल्या दुकानांतून काढलं. रशियातल्या कर्मचाऱ्यांवर नावानिशी खटले भरण्याची धमकी होती, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. आपल्या माणसांना तुरुंगात टाकू द्या, असं मी इथे बसून म्हणणार नाही. व्हिएतनाममध्ये २०२० च्या सुरुवातीला फेसबुकचे तिथले सर्व्हर सरकारी दूरसंचार कंपन्यांनी जवळजवळ बंद पाडले. सरकारविरोधी मजकूर जास्त प्रमाणात रोखायचं कंपनीने कबूल केलं तेव्हा ते पुन्हा चालू झाले. यातही कंपनीवर जबरदस्ती झाली, हे उघड आहे.

पण याच काळात दुसरं वागणंही जगाने पाहिलं. एप्रिल २०१७ मध्ये तुर्कस्तानने विकिपीडिया बंद केला, कारण सरकारला नको असलेला मजकूर काही लेखांत होता. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने तो मजकूर काढला नाही. कोर्टात लढा चालला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली आणि जानेवारी २०२० मध्ये विकिपीडिया पुन्हा उघडला. या जवळपास तीन वर्षांत तुर्कस्तानातल्या प्रत्येक माणसाला एक गोष्ट पक्की माहीत होती: विकिपीडिया सरकारने बंद केला आहे. कुणालाही ‘हा मजकूर उपलब्ध नाही’ असं मोघम काही सांगून गप्प बसवलं गेलं नाही. सरकारला आपल्या कृत्याची मालकी घ्यावी लागली. व्हिएतनाममध्ये जे पोस्ट दिसेनासे झाले त्यांच्या बाबतीत ही मालकी तुमच्या गळ्यात पडली, आणि तुम्ही ती मुकाट्याने घेतली.

सरकारांना नेमकं हेच हवं असतं. स्वतः बंदी घातली तर कोर्टाचा सामना करावा लागतो, वर्तमानपत्रं लिहितात. तुमच्याकडून करवून घेतलं की हात स्वच्छ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये एका निकालात एकमताने सांगितलं की सरकारी अधिकाऱ्याला जे बोलणं स्वतः दाबता येत नाही ते तिसऱ्यावर दडपण आणूनही दाबता येणार नाही. तो खटला विमा कंपन्यांवरच्या दबावाचा होता, पण तत्त्व तुम्हालाही तंतोतंत लागू पडतं. हे तत्त्व न्यायालयात वापरायचं तर दबाव आला होता हे आधी कळायला हवं.

भारतातलं उदाहरण याबाबत बोलकं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार मजकूर रोखायला सांगू शकतं. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा करणारं कलम ६६अ रद्द केलं, ६९अ मात्र ठेवलं. ठेवताना जी कारणं दिली त्यांतलं एक असं की रोखण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे त्यांना रिट याचिकेतून आव्हान देता येईल. पण २००९ च्या ज्या नियमांनुसार हे चालतं त्यांतला सोळावा नियम अशा सगळ्या विनंत्या, तक्रारी आणि कारवाई पूर्ण गोपनीय ठेवायला सांगतो. कारणं लेखी आहेत, आव्हान देण्याचा हक्क आहे, आणि ज्याचं लिखाण गेलं त्याला आदेशाचा कागदच दिसत नाही. अशा ठिकाणी तुमची ती ओळ गोपनीयतेला शेवटचं कुलूप घालते. काही कंपन्यांनी अशा आदेशांविरुद्ध कोर्टात धाव घेतली, ते चांगलंच केलं. पण कोर्टात जाणं ही मोठी, खर्चाची गोष्ट झाली. वापरणाऱ्याला ‘सरकारी आदेशावरून’ हे दोन शब्द दाखवायला खर्च येत नाही.

हे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे, असं कृपया सांगू नका. सोय केव्हाच झालेली आहे. एखादं पान मिळालं नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तो सगळ्यांच्या ओळखीचा. मनाई असेल तर ४०३. कायद्याच्या कारणाने रोखलेल्या पानासाठी वेगळा आकडा असावा, ही कल्पना टेरेन्स ईडन यांनी सुचवली, टिम ब्रे या अभियंत्याने तिचा मसुदा मांडला, आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये ती आरएफसी ७७२५ या दस्तऐवजात प्रसिद्ध केली. आकडा आहे ४५१. त्या दस्तऐवजात नुसता आकडा नाही. मागणी कुणी केली, कोणत्या कायद्याखाली केली, कोणत्या लोकांना आणि कोणत्या मजकुराला ती लागू आहे, हे सगळं त्या पानावर सांगावं असं त्यात लिहिलेलं आहे. रोखण्याचं काम प्रत्यक्षात कोण करतंय हे दाखवणारी लिंक जोडायचीही सोय आहे. यंत्राला वाचता येईल अशा रूपात ते असल्यामुळे जगात कुठे काय रोखलं जातंय हे संशोधकांना मोजता येतं.

मला हा दस्तऐवज फार आवडतो. तो छोटा आहे, कोरडा आहे, आणि त्यात कुठेही सेन्सॉरशिपविरुद्ध भाषण नाही. रोखू नका असं तो म्हणतच नाही. रोखलं तर कुणी ते सांगा, एवढंच म्हणतो. इतकी साधी गोष्ट करायलाही तुमच्यातल्या बहुतेकांच्या अॅपमध्ये जागा नाही. जाहिरातीवर ‘ही जाहिरात तुम्हाला का दिसते’ हे सांगणारं बटण तुम्ही बसवलंत. ‘ही पोस्ट तुम्हाला का दिसत नाही’ याचं बटण कुठे आहे?

दिसत नाही, यावरून आणखी एक. काढण्यापेक्षा दाबून ठेवणं हल्ली जास्त चालतं. पोस्ट जागेवरच असते, लिहिणाऱ्याला दिसते, फक्त इतरांपर्यंत पोहोचत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जर्मनीतल्या ‘नेट्झपोलिटिक’ या बातम्यांच्या संकेतस्थळाने उघड केलं की टिकटॉकने अपंग लोकांच्या व्हिडिओंचा प्रसार ठरवून कमी केला होता. कंपनीने ते मान्य केलं. त्यांची टिंगल होऊ नये म्हणून केलं, असं स्पष्टीकरण दिलं. त्या माणसांना कुणी विचारलं होतं? आपल्या व्हिडिओला लोक मिळत नाहीत म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असं समजून कितीजण गप्प झाले असतील याचा हिशेब कुठल्याच पारदर्शकता अहवालात मिळणार नाही.

‘आम्ही खासगी कंपनी आहोत, पटत नसेल तर दुसरीकडे जा’ हे उत्तर मला पाठ आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे? फोनवर अॅप टाकायचं तर जगाच्या बहुतेक भागात दोनच दुकानं आहेत. शोधाच्या बाबतीत अमेरिकेतल्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदारी टिकवल्याबद्दल दोषी धरलं. फोन आणि ब्राउझर उघडल्या उघडल्या आपलंच शोधयंत्र यावं यासाठी एकट्या २०२१ मध्ये कंपनीने २६.३ अब्ज डॉलर दिल्याचं त्या खटल्यात बाहेर आलं. लोकांनी दुसरीकडे जाऊ नये म्हणून इतके पैसे ओतायचे आणि तक्रार केली की दुसरीकडे जा म्हणायचं, हे बरं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात बातम्यांसाठी प्रकाशकांना पैसे द्यायला लावणाऱ्या कायद्यावरून सरकारशी वाद झाला तेव्हा फेसबुकने तिथे बातम्या बंद केल्या आणि त्या झपाट्यात आरोग्य खात्यांची, आपत्कालीन सेवांची, हवामान खात्याची पानंसुद्धा कोरी झाली. एका खासगी कंपनीने एका रात्रीत एका देशाचं हवामान खातं लोकांच्या पडद्यावरून घालवलं. पानं नंतर परत आली. ती ताकद मात्र तशीच राहिली.

तुमच्यातल्याच एकाने हे सर्वांत प्रामाणिकपणे सांगितलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये संकेतस्थळांना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी एका नवनाझी संकेतस्थळाला दिलेलं संरक्षण काढून घेतलं. ते संकेतस्थळ किळसवाणं होतं, त्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्यानंतर आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिताना प्रिन्स यांनी कबूल केलं की सकाळी मनःस्थिती वाईट होती आणि कुणीतरी इंटरनेटवर नसावं असं आपण ठरवून टाकलं. अशी सत्ता कुणाच्याच हातात असता कामा नये, असंही त्यांनीच लिहिलं. ही कबुली तुमच्या प्रत्येकाच्या टेबलावर असावी असं मला वाटतं.

कारणं सांगितली तर लुच्चे लोक त्यातून पळवाटा शोधतील, आणि रोज लाखो निर्णय होतात तिथे प्रत्येकाला कळवणं शक्य नाही, या दोन हरकती मी नेहमी ऐकते. दोन्हींचं उत्तर युरोपने देऊन ठेवलं आहे. डिजिटल सेवा कायद्याचं सतरावं कलम सांगतं की मजकूर काढला, त्याचा प्रसार कमी केला किंवा खातं बंद केलं, तर संबंधिताला स्पष्ट कारण द्यायचं: कोणता कायदा किंवा कोणता नियम, कोणत्या गोष्टीवरून, यंत्र वापरलं का, दाद कुठे मागायची. अपिलाचा निर्णय निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. घाऊक फसवी जाहिरातबाजी करणाऱ्यांना यातून वगळलं आहे, म्हणजे पहिली हरकत मिटली. सर्वांत मोठ्या सेवांना हे ऑगस्ट २०२३ पासून आणि बाकीच्यांना १७ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, आणि कारणांची नोंद एका सार्वजनिक कोठारात जमा होते. तुम्ही ते करताय. तुमचं काम बंद पडलेलं नाही. मग युरोपातल्या माणसाला जे कारण देता येतं ते बाकीच्या जगातल्या माणसाला का नाही? त्याला कारण समजण्याची गरज कमी आहे का? उलट जिथे कोर्टं दुबळी आणि सरकारं दांडगी आहेत तिथेच ती जास्त आहे.

आणि माझं पत्र वाचून कुणी असा अर्थ काढू नये की हात आखडता घ्या म्हणजे झालं. म्यानमारमध्ये तेच झालं होतं. रोहिंग्यांविरुद्ध उघड चिथावणी फेसबुकवर पसरत होती आणि २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषा येणारे अवघे दोन जण ती तपासत होते, असं रॉयटर्सने नंतर उघड केलं. संयुक्त राष्ट्रांच्या तपासात २०१८ मध्ये फेसबुकच्या वाट्यावर बोट ठेवलं गेलं, आणि कंपनीनेही आपण पुरेसं केलं नाही हे त्या वर्षाअखेर मान्य केलं. लोक तक्रारी करत होते, उत्तर येत नव्हतं. एका टोकाला न काढायचं काढलं जातं, दुसऱ्या टोकाला काढायचं तसंच राहतं, आणि दोन्हीकडे माणसाच्या वाट्याला येतं ते मौन. भाषा जाणणारा माणूस ठेवायचा तर पगार द्यावा लागतो. इंग्रजीसाठी तो दिला जातो. ज्या भाषांतून तुम्ही जाहिरातीचे पैसे घेता त्या सगळ्यांसाठी तो द्यायला हवा.

म्हणून मागणी मांडते. ती नवी नाही. नागरी संघटनांनी आणि अभ्यासकांनी २०१८ मध्ये सांता क्लारा तत्त्वांत आकडे, सूचना आणि अपील या तीन गोष्टी मागितल्या होत्या, आणि तुमच्यातल्या अनेकांनी त्यांना तोंडी पाठिंबाही दिला होता. आता त्या सगळ्या देशांत, सगळ्या भाषांत लागू करा. मजकूर काढला किंवा दाबला की लिहिणाऱ्याला त्याच्या भाषेत कारण जाऊ द्या, आणि वाचणाऱ्याला त्या जागी निदान एवढं दिसू द्या: आमच्या नियमाने, कोर्टाच्या आदेशाने, सरकारी मागणीने, की कॉपीराइटच्या तक्रारीने. अपील माणूस वाचेल, ती भाषा येणारा माणूस वाचेल, आणि त्याचा निकाल कधी लागेल याची तारीख द्या. तोवर माणसाला त्याचे फोटो, त्याची पत्रं, त्याचे नंबर उतरवून घेऊ द्या. ज्या खात्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही त्यातली आयुष्यभराची साठवण जप्त करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

सरकारी मागण्यांच्या प्रती ल्युमेनसारख्या सार्वजनिक संग्रहात टाका. हार्वर्डमध्ये चालणारा हा संग्रह २००२ पासून उभा आहे. ट्विटरने एप्रिल २०२३ पासून तिथे प्रती देणं थांबवलं, ते पुन्हा सुरू व्हावं. आणि जिथे आदेश गुप्त ठेवण्याचाच हुकूम आहे, जिथे तुम्हाला तोंड उघडायलाही मनाई आहे, तिथेही एक काम तुमच्या हातात उरतं: अमुक देशात, या तिमाहीत, अमुक कायद्याखाली इतक्या मागण्या आल्या, त्यांपैकी इतक्या मानल्या, तपशील सांगण्यास आम्हाला बंदी आहे. एवढं छापा. तेही छापायला कुणी मनाई केली तर ती मनाई कोर्टात न्या, आणि नेलीत हे आम्हाला कळू द्या.

या पत्राचं उत्तर खासगीत नको. जे सांगायचं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहा.

आपली,
तुमच्या सेवा रोज वापरणारी एक वाचक